गोड्या पाण्यातला गळ

गळाने मासा धरणे हा मासेमारीचा सर्वांत संथ प्रकार. जाळे वाटेत येईल तो मासा ओढून काढते. गळाचा संबंध एका वेळी एकाच माशाशी येतो, आणि तोही मासा आपणहून तोंड उघडेल तेव्हाच. कोकणात या कामाला गरवणे म्हणतात आणि गळाला गरी. घाटावर नुसते ‘गळ टाकणे’ म्हणून भागते. गावच्या ओढ्यावर गरवणाऱ्याला वाटाड्या लागत नाही. डोह कुठे खोल आहे, कपारीत वाम कुठे दडते, पहिल्या पुराला मासे कोणत्या वळणाने चढतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. शहरातून छंदापायी परक्या पाण्यावर गेलेल्या माणसाला मात्र ते पाणी कुणीतरी दाखवावे लागते. जाणकाराला सोबत घेऊन केलेली मासेमारीची सहल या गरजेतून जन्मली, आणि पाण्याचा तळ ओळखणारा माणूस हेच आजही तिचे खरे भांडवल आहे.

मुंबईतल्या गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांत मासा म्हटला की समुद्राचा मासा समोर येतो. बांगडा, बोंबील, सुरमई, पापलेट यांच्यापुढे रोहू-कटल्याला घरोघरी दुय्यम मान. २०२३ साली महाराष्ट्राने राज्यमासा निवडला तोही पापलेटच. तरीही हे शहर एके काळी गोड्या पाण्याच्या तलावांवर जगत होते. धोबी तलाव, कावसजी पटेल तलाव, गवालिया तलाव ही नावे गिरगावच्या आसपास अजून रोजच्या बोलण्यात आहेत. पाणी मात्र कुठेच नाही. १८६० साली विहार तलाव पूर्ण होऊन नळाने पाणी येऊ लागले आणि जुन्या तलावांची गरज ओसरली. पुढे त्यांच्याकडे रोगाचे घर म्हणून पाहिले जाऊ लागले. मुंबईतल्या हिवतापावरचा डॉ. बेंटली यांचा अहवाल १९११ सालचा. विहिरी आणि साठलेल्या पाण्यातली डासांची पैदास त्याने पुढे आणली. तलाव एकामागून एक बुजले, विहिरींवर झाकणे आली. दक्षिण मुंबईत डोळ्यांना दिसणारे मोठे गोडे पाणी उरले ते वाळकेश्वरच्या बाणगंगेत, आणि ते देवाचे पाणी.

धोबी तलावाची डागडुजी करणारे फ्रामजी कावसजी बानाजी यांच्याच ताब्यात पवईची इस्टेट होती. पुढे त्याच परिसरात, मिठी नदीच्या वरच्या अंगाला, बांध घालून पवई तलाव तयार झाला. १८९० साली पूर्ण झालेल्या या कामाला त्या काळी सुमारे १२ लाख ५९ हजार रुपये खर्च आला. पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर, भरल्यावर पाण्याचा पसारा सुमारे २.२३ चौरस किलोमीटर, साठा ५४५ कोटी लिटर. पाणी पिण्यासाठी हवे होते, पण ते त्या योग्यतेचे निघाले नाही. आज ते औद्योगिक वापरासाठी आणि आरे दुग्ध वसाहतीकडे जाते. ही उणीव गळवाल्यांच्या पथ्यावर पडली. विहार आणि तुळशी हे पिण्याच्या पाण्याचे तलाव राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत बंदोबस्तात राहिले, तिथे गळ टाकता येत नाही. पवई पिण्याचे पाणी नव्हते, म्हणून ती माशांसाठी आणि मासे धरणाऱ्यांसाठी मोकळी राहिली.

पवईच्या काठावर संघटित गळमासेमारी ब्रिटिश काळात सुरू झाली. तेव्हाची बॉम्बे प्रेसिडेन्सी अँग्लिंग असोसिएशन हीच आजची महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन. मत्स्यबीज सोडणे, सभासदांच्या मासेमारीला नियम घालणे, चोरून जाळी टाकणाऱ्यांवर लक्ष ठेवणे आणि तलावाच्या दुरवस्थेबद्दल आवाज उठवणे, ही कामे तिच्याकडे चालत आली. मुंबईला या छंदाचा लेखी वारसाही आहे. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४८ साली मॅक्डोनाल्ड यांचे महासीर आणि इतर खेळाऊ माशांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या पाऊणशे वर्षे आधी, १८७३ साली, मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी भारतातल्या गळमासेमारीवर पहिले मोठे पुस्तक लिहिले होते. मराठीत या विषयावर फारच थोडे लिहिले गेले. भोई आणि कोळी समाजांच्या तोंडी असलेले माशांचे, पाण्याचे ज्ञान कागदावर यायला हवे होते, ते आले नाही, याची हळहळ वाटते.

पवईतले मासे बव्हंशी सोडलेले आहेत. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. साचलेल्या पाण्यात वाढतात, पण तिथे अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळी नदीचा वाहता पूर लागतो. त्यामुळे तलावात दरवर्षी बोटुकली सोडावी लागतात. पूर्वी हे बीज नदीतून गोळा करून आणावे लागे. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी कटकला पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून तळ्यातच अंडी घालवून घेतली आणि देशभरच्या मत्स्यबीज केंद्रांचा पाया पडला. महाराष्ट्राचे मत्स्यव्यवसाय खाते ज्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या इमारतीतून वर्षानुवर्षे चालले, ती गिरगाव चौपाटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडलेल्या या मत्स्यालयात काचेपलीकडून पाहिलेला मासा, हीच मध्य मुंबईतल्या कित्येक मुलांची जिवंत माशाशी पहिली ओळख.

कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. गळ किती खोल सोडायचा हे या एका माहितीवर ठरते. आमिष असते शेंगदाण्याची पेंड, चण्याचे पीठ, रवा, पाव यांचे. प्रत्येक जुन्या गळवाल्याचे मिश्रण वेगळे आणि प्रमाण गुप्त. आधी पिठाचे गोळे टाकून मासा एका जागी आणायचा, मग त्यातच गळ दडवायचा. मग वाट पाहणे. फ्लोट एकदा थरथरतो, स्थिर होतो, पुन्हा थरथरतो. रोहू आमिष चाचपतो तेव्हा ओढ घाईने दिली तर गळ रिकामा येतो. नवख्याच्या शेजारी जाणकार बसलेला असला की पहिले काम हेच: त्याचा हात धरून ठेवणे.

सोबतीच्या या कामाचा पूर्ण व्यवसाय उत्तर अमेरिकेत पाहायला मिळतो, विशेषतः बास आणि क्रॅपी या दोन माशांच्या पाठीमागे. दोन्ही तिथल्या एकाच कुळातले. मोठ्या तोंडाचा बास हा दबा धरणारा शिकारी. पाणवनस्पती, बुडालेली खोडे, धक्क्याचे खांब यांच्या सावलीत स्थिर राहतो आणि समोरून जाणाऱ्या बेडकावर, माशावर झेप घेतो. क्रॅपी लहान, चपटा, थव्याने राहणारा. वसंतात पाणी कोमट होऊ लागले की तो उथळ काठाला येतो आणि एका झुडपाखाली डझनांनी सापडतो. त्याचे ओठ कागदासारखे पातळ. जोराने ओढले तर ओठ फाटून गळ सुटतो, म्हणून त्याला हलक्या हाताने वर आणून झेल्यात घ्यावे लागते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना टेक्सास किंवा जॉर्जियातल्या तलावांवर हा खेळ आयता भेटतो. प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा, कोणता मासा किती लांबीचा आणि दिवसाला किती ठेवायचा याचे नियम वेगळे. आणि नावेसकट, सामानासकट अर्ध्या दिवसासाठी भाड्याने मिळणारा गाईड.

हा गाईड काय विकतो हे पाहण्यासारखे आहे. मासा मिळेलच अशी हमी कुणी प्रामाणिक गाईड देत नाही. त्याच्याकडे असते तळाची आठवण. अमेरिकेतले बरेचसे बासचे तलाव धरणांमागचे. पाण्याखाली जुने रस्ते, कुंपणे, झाडांचे बुंधे आहेत आणि मासा त्यांच्याभोवती राहतो. हल्ली ध्वनिलहरींनी तळ दाखवणारा पडदा नावेवर असतो. पण पडद्यावरचे झाड सकाळी उपयोगाचे की दुपारी, वारा फिरला की मासा त्याच्या कोणत्या अंगाला जातो, हे पडदा सांगत नाही. त्यासाठी त्याच पाण्यावर अनेक ऋतू काढलेला माणूस लागतो.

महाराष्ट्राच्या पाण्यात बासची जागा मरळीने घेतली आहे. सापासारखे डोके, लांब अंग, तोंडात दात. मरळही दबा धरते, जलपर्णीच्या आणि कमळाच्या पानांखाली राहते आणि बेडकावर तुटून पडते. रबरी बेडूक पानांवरून टुणटुण ओढत नेणे हा अमेरिकेत बाससाठी निघालेला डाव मरळीला जसाच्या तसा लागू पडतो. एक मोठा फरक आहे. मरळ कल्ल्यांखेरीज हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे तिला थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागावर यावेच लागते. पाण्यावर एक हलका फुगा फुटतो, एक वलय उमटते, आणि जाणकार बोट दाखवतो. अनोळखी डोळ्याला तिथे वाऱ्याची लहर दिसते. पुढच्या श्वासाला ती कुठे येईल याचा अंदाज घेऊन त्याच्या पलीकडे आमिष टाकायचे, अगदी डोक्यावर टाकले तर ती खोल जाते. उन्हाळ्यात पाणी आटून तापले, त्यातला प्राणवायू कमी झाला की इतर मासे मंदावतात. मरळ तेव्हाही टिकून असते.

मरळीबाबत एक गोष्ट प्रत्येक मार्गदर्शकाने पाहुण्याला गळ बांधण्याआधी सांगायला हवी. पिल्ले बाहेर पडली की ती दाट थव्याने पृष्ठभागाजवळ फिरतात, लालसर-नारिंगी ढग पाण्यात हलावा तशी, आणि त्यांच्याखाली आईबाप पहारा देत असतात. त्या थव्याजवळ काहीही पडले तरी मोठी मरळ त्यावर धावते. तिला भूक नसते, ती पोरांवरचा हल्ला परतवत असते. त्या वेळी तिला धरणे सर्वांत सोपे, आणि ते करू नये. पालक गेला की थोड्याच वेळात इतर मासे पिल्लांचा फडशा पाडतात. बासचा नरही असाच घरट्यावर राखण बसतो, आणि घरट्यावरचा बास धरावा की नाही यावर अमेरिकेतल्या गळवाल्यांमध्ये जुना वाद आहे. मरळीच्या बाबतीत वादाला जागा नाही. अनेक हंगामांची मरळ एका दुपारच्या फोटोसाठी संपवणारा माणूस मार्गदर्शक म्हणवून घेण्याच्या लायकीचा नाही.

क्रॅपीची जागा साधारणपणे चिलापी भरून काढते. १९५२ साली भारतात आणलेला हा आफ्रिकी मासा आता बहुतेक धरणांत आहे. उथळ तळावर गोल खळगे करून वीण घालतो, गांडुळाला पटकन लागतो. लहान मुलांना गळ शिकवायला याच्याइतका सोयीचा मासा नाही, आणि तो परत सोडण्याचा आग्रहही कुणी धरू नये.

परळ किंवा दादरहून पवईला जायचे तर मध्य रेल्वेने कांजूरमार्गला उतरावे. गिरगावकरांना चर्नी रोडहून अंधेरी सोयीचे. मासेमारीला असोसिएशनची परवानगी लागते, ती आधी घ्यावी. पहाटेचे दोन-तीन तास आणि सूर्य कलल्यानंतरचा वेळ, एवढाच खरा हंगाम दिवसाचा. नावेत बसल्यावर जाणकाराची शिस्त सुरू होते: पाय आपटायचा नाही, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, तुटलेला तंगूस पाण्यात टाकायचा नाही, कारण त्यात पाणकावळे आणि कासवे अडकून मरतात. आणि हात पाण्यात सोडून बसायचे नाही. पवईत मगरी आहेत. त्या काठावर ऊन खाताना दिसतात, अधूनमधून शेजारच्या आयआयटीच्या आवारातही येतात. परदेशात छातीभर पाण्यात उभे राहून गळ टाकण्याची जी पद्धत आहे ती इथे कुणी वापरू नये.

पवईपलीकडे मुंबईकर गळवाल्याची नजर लोणावळ्याच्या वरच्या टाटांच्या तलावांकडे जाते, आणि या तलावांचे परळ-लालबागशी नाते पाण्यापेक्षा विजेचे आहे. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली, वळवणसारखे तलाव बांधले गेले आणि १९१५ पासून खोपोलीची वीज गिरणगावातल्या गिरण्यांना मिळू लागली. साचे फिरवणारे पाणी आधी या तलावांत थांबत होते. त्याची किंमत मावळातल्या शेतकऱ्यांनी मोजली. टाटांच्याच मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला, आणि ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो त्या सेनापती बापटांचा रस्ता आज दादरमधून जातो. मुळशीच्या पाण्याखाली शेते आणि वाड्या गेल्या. अशा पाण्याचा तळ वाचणाऱ्या मार्गदर्शकाने पाहुण्याला मासा कुठे आहे हे सांगताना तिथे आधी कोण राहत होते हेही सांगावे. ती माहिती त्या पाण्याचाच भाग आहे.

वळवणला महासीरच्या पैदाशीचे केंद्र आहे, आणि गळमासेमारीच्या जगात त्याचे मोल फार मोठे. दख्खनच्या महासीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केले. धरणे, वाळूउपसा, प्रदूषण आणि सुरुंगाने केलेली मासेमारी यांनी हा मासा नद्यांतून मागे सरत गेला. टाटा कंपनीने सत्तरच्या दशकापासून वळवणला त्याची अंडी काढून, फलित करून बोटुकली वाढवली आणि ती निरनिराळ्या राज्यांतल्या पाण्यांत पोचवली. महासीरला मार्गदर्शकाची खरी परंपरा लाभली ती कावेरीवर. तिथल्या गळमासेमारीच्या छावण्यांत गावातलेच लोक पाहुण्यांना गोल टोपलीसारख्या होडीतून नेत, नाचणीचा उकडलेला गोळा गळाला लावत, आणि पन्नास किलोंच्या आसपास जाणारे मासे पुन्हा नदीत सोडत. म्हैसूरच्या व्हॅन इंगन यांनी १९४६ साली काबिनीत धरलेला १२० पौंडांचा महासीर आजही त्या परंपरेचे मोजमाप मानला जातो. कावेरीकाठच्या अनेक माणसांनी आधी सुरुंग लावून मासे मारले होते. जिवंत मासा मेलेल्यापेक्षा जास्त दिवस चूल पेटवतो हे दिसल्यावर तेच राखणदार झाले. पुढे संरक्षित क्षेत्रांतल्या गळमासेमारीवर बंदी आली आणि त्या छावण्या बंद पडल्या. उजनीच्या किंवा सह्याद्रीतल्या धरणांच्या काठावरच्या भोई कुटुंबांना अशी रोजी मिळावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. पाणी ते ओळखतात. परवानगीची स्वच्छ पद्धत, जीवरक्षक जाकिटे आणि थोडे प्रशिक्षण एवढेच कमी आहे.

मग बासच इथे का आणू नये, असा प्रश्न उत्साही लोक विचारतात. उत्तर जपानने देऊन ठेवले आहे. १९२५ साली तिथल्या आशी सरोवरात बास सोडला गेला, तो देशभर पसरला आणि स्थानिक मासे खात सुटला. २००५ साली त्याच्यावर परकी उपद्रवी जात म्हणून कायद्याने बंधने आली. बिवा सरोवरात २००९ साली सुमारे १०.१ किलोचा बास सापडला आणि त्याने जॉर्जियातल्या १९३२ सालच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. गळवाल्यांसाठी तो सोहळा होता. सरोवरातल्या देशी माशांवर काय वेळ आली होती याचाही तो पुरावा. भारताने आफ्रिकी मागूर आणून असाच अनुभव घेतला आणि २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली. ज्या पाण्यात मरळ आहे त्या पाण्याला बासची गरज नाही.

धरलेला मासा सोडायचा असेल तर तो जगेल असा सोडावा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा म्हणजे गळ सहज निघतो. हात ओले करून मासा धरावा. कोरड्या हाताला अंगावरचा बुळबुळीत थर लागून येतो आणि त्या जागी बुरशी धरते. कल्ल्यात बोटे घालू नयेत, जड मासा शेपटीने किंवा जबड्याने उभा टांगू नये, पोटाखाली आधार द्यावा. पाण्यात सोडताना तोंड पुढे करून दोन्ही हातांत सैल धरून ठेवावे, तो आपल्या बळावर निघेपर्यंत. मे महिन्यातल्या तापलेल्या दुपारी दमलेला कटला सोडला तरी बहुधा वाचत नाही. तेव्हा त्या वेळी गळच टाकू नये.

पवईचे पाणी स्वतः दमलेले आहे. सांडपाणी येत राहते, त्यावर जलपर्णी माजते, ती कुजून तळाशी गाळ होतो आणि तो गाळ पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. पहिल्या जोराच्या पावसाने हा गाळ ढवळला गेला की मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. जाणकाराला त्यावरून पुढच्या दोन दिवसांत काय होणार हे कळते. काठावरून सायकलमार्ग बांधण्याचे महापालिकेने सुरू केलेले काम मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी बेकायदा ठरवले आणि टाकलेला भराव काढण्यास सांगितले. काठाचे उथळ पाणी माशांच्या पिल्लांचे आणि काठाची कोरडी जमीन मगरींच्या अंड्यांची आहे, त्यामुळे या निकालाचे महत्त्व गळवाल्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जून-जुलैमध्ये, बीजधारणेच्या काळात, गळ बासनात ठेवायचा असतो. पाऊस चांगला झाला की तलाव भरून सांडतो, ते पाणी मिठीत उतरते आणि शहराच्या मधून वाहत दादरच्या उशाशी, माहीमच्या खाडीत, समुद्राला मिळते.